गूगल फॉन्ट्स : परवान्यांच्या बाजूने एक परीक्षण

गूगल फॉन्ट्स या गूगलच्या फॉन्ट पुरवणाऱ्या सेवेविषयी बोलताना बहुतेक जण अक्षरांच्या देखणेपणाविषयी किंवा ही सेवा फुकट आहे याविषयी बोलतात. हे परीक्षण या सेवेच्या परवान्यांपुरतेच आहे. काम करताना अडचण येते ती बहुधा तिथेच, आणि ती येते तेव्हा पोस्टर छापून झालेले असते किंवा अ‍ॅप लोकांच्या हातात गेलेले असते. २०१० साली सुरू झालेल्या या संग्रहात आज १५०० हून अधिक फॉन्ट-कुटुंबे (एकाच रचनेच्या ठळक, तिरप्या अशा रूपांचे संच) आहेत आणि त्यांतली बहुसंख्य एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली, दिलेली आहेत. काही अपाची २.० या परवान्याखाली आहेत आणि उबुंटू कुटुंबासारख्या मोजक्यांचा परवाना स्वतःचा आहे. एवढ्या मोठ्या संग्रहासाठी वापरणाऱ्याला जेमतेम दोन-तीन दस्तऐवज समजून घ्यावे लागतात, ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. प्रत्येक फाउंड्रीच्या, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या, वेगळ्या करारातील बारीक अक्षरे वाचत बसण्याची सवय असलेल्यांना तिचे मोल सहज कळेल.

फॉन्टला परवाना कशासाठी लागतो, हे आधी स्पष्ट असावे. फॉन्टची फाइल हे कायद्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअर असते. अमेरिकेत १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर या निकालापासून अक्षरांच्या नुसत्या आकारांना कॉपीराइट मिळत नाही, पण १९९८ च्या अ‍ॅडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर या खटल्यात फॉन्टच्या फाइलला प्रोग्राम म्हणून संरक्षण असल्याचे न्यायालयाने मान्य केले. इतर देशांत आकारांनाही कमी-अधिक संरक्षण आहे, परंतु परवान्यांची भाषा सगळीकडे मुख्यतः फाइलभोवतीच फिरते. म्हणून कोणत्याही कामाआधी विचारायचा पहिला प्रश्न असा, की फॉन्टची फाइल आपल्या संगणकाबाहेर जाणार आहे, की केवळ तिच्यातून उमटलेली अक्षरे जाणार आहेत? पोस्टर, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बोधचिन्ह, व्हिडिओतील शीर्षके यांत फक्त अक्षरांचे चित्र बाहेर जाते. संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप, गेम आणि ई-पुस्तक यांत फाइलच वाचणाऱ्याच्या यंत्रावर जाऊन पोहोचते.

व्यावसायिक विक्रेत्यांची सगळी वर्गवारी या एका फरकावर उभी आहे. १९९९ पासून चालू असलेल्या मायफॉन्ट्ससारख्या दुकानात एकाच फॉन्टसाठी डेस्कटॉप, वेब, अ‍ॅप, ई-पुस्तक आणि डिजिटल जाहिरात असे निरनिराळे परवाने असतात. डेस्कटॉप परवाना साधारणपणे वापरकर्त्यांच्या संख्येवर ठरतो, वेबचा पाने किती वेळा पाहिली जातात यावर आणि जाहिरातीचा ती किती वेळा दाखवली गेली यावर. ‘फॉन्ट विकत घेतला’ असे आपण सहज म्हणतो, पण तिथे आपण फॉन्टचा एक ठरावीक वापर विकत घेतलेला असतो. मासिकाच्या मांडणीसाठी घेतलेला फॉन्ट त्याच मासिकाच्या संकेतस्थळावर चढवला, तर तो बहुतेक करारांनुसार परवान्याबाहेरचा वापर ठरतो. गूगल फॉन्ट्सवर ही वर्गवारीच नाही. एकच फाइल छपाईला, वेबला, अ‍ॅपला आणि व्हिडिओला चालते, वापरकर्ते किती आणि प्रेक्षक किती याची मोजणी होत नाही, आणि काम व्यावसायिक आहे की हौशी, हेही कुणी विचारत नाही.

परवान्याची प्रत्यक्ष ओळख करून घ्यायची असेल, तर ओएफएलखालील कोणतेही एक कुटुंब उतरवून घेऊन त्याची झिप उघडून पाहावी. आत फॉन्टच्या फायलींसोबत ओएफएल नावाची एक साधी मजकूर-फाइल असते, जिच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही पाहत नाही. तिच्या पहिल्या ओळीत कॉपीराइट कोणाचा आणि कोणत्या सालचा हे लिहिलेले असते. काही फॉन्टमध्ये त्याच ओळीत पुढे ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ असे शब्द आणि एखादे राखीव नाव असते. त्याखाली २६ फेब्रुवारी २००७ ही तारीख असलेली १.१ ही आवृत्ती आणि तिच्या पाच अटी येतात. नुसता फॉन्ट स्वतंत्रपणे विकायचा नाही. सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो, विकताही येतो, पण कॉपीराइटची नोंद आणि परवाना प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. बदल केलेल्या आवृत्तीला, लेखी परवानगीखेरीज, राखीव नाव द्यायचे नाही. मूळ कर्त्यांची नावे त्या आवृत्तीच्या जाहिरातीसाठी वापरायची नाहीत. आणि फॉन्ट, मूळ असो वा बदललेला, वाटायचा तर याच परवान्याखाली वाटायचा. पाचव्या अटीत पुढे स्पष्ट म्हटले आहे, की फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजांना हे बंधन लागू नाही. ‘मुक्त फॉन्ट वापरला तर माझे पुस्तकही मुक्त करावे लागेल का’ या शंकेचे उत्तर त्या एका वाक्यात मिळते. संपूर्ण परवाना दोन-तीन पानांत संपतो आणि कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही तो समजतो, हे गुण मोजताना विसरू नये.

छपाईच्या कामांत या सेवेबद्दल तक्रारीला जवळजवळ जागाच नाही. मुखपृष्ठ, पत्रके, वेष्टने, फलक हे सगळे चालते. टी-शर्ट आणि मग यांच्याबाबत अनेक व्यावसायिक करार कचरतात. विशेषतः सुटी अक्षरे हाच माल असलेली उत्पादने, म्हणजे अक्षरांचे स्टिकर, रबरी शिक्के, मुळाक्षरांचे ठोकळे, त्यांना कित्येक करारांत वेगळी परवानगी लागते. ओएफएलमध्ये अशी अट नाही. ग्राहकाने स्वतः मजकूर टाइप करून लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्ड तयार करायचे, अशी सेवा चालवणाऱ्यांना इतरत्र सर्व्हरचा खास परवाना घ्यावा लागतो, इथे तोही लागत नाही. छापखान्यात ओपन, म्हणजे बदल करता येण्याजोगी, फाइल पाठवताना सोबत फॉन्टही जोडता येतो, कारण फाइल पुढे देण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. परवान्याची मजकूर-फाइल तेवढी बरोबर ठेवावी. डेस्कटॉप परवान्याखालील अनेक फॉन्टना ही मुभा नसते, आणि म्हणूनच अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे रेखाचित्र बनवून, किंवा पीडीएफमध्ये बसवून पाठवावी लागतात. एकदा कर्व्ह केल्यावर शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करता येत नाही, हे डीटीपी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

बोधचिन्हाबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा. परवानगी आहे, बोधचिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यासही परवाना आडवा येत नाही, अक्षरांचे आकार रेखाटनात बदलले तरी हरकत नाही, कारण तो फॉन्टच्या फाइलमधला बदल नव्हे. पण तोच फॉन्ट उद्या प्रतिस्पर्धी वापरू शकतो आणि त्याला अडवण्याचा कोणताही हक्क या परवान्यातून मिळत नाही. शिवाय या संग्रहातील लोकप्रिय कुटुंबे इतक्या ठिकाणी दिसतात, की वेगळेपण हवे असणाऱ्या संस्थेने पैसे मोजून दुसरीकडे जावे, असेच मी सुचवीन. ‘आमच्यासाठी यातच फेरफार करून खास फॉन्ट बनवा, तो दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये’ अशी मागणी असेल, तर ओएफएलचा फॉन्ट हा चुकीचा पाया आहे. बदललेली फाइल संस्थेने स्वतःजवळ ठेवली तर प्रश्न नाही, पण ती अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बाहेर जाऊ लागली, की तिलाही ओएफएलच लागू होतो आणि ती इतरांना वापरण्यापासून रोखता येत नाही. अपाची परवान्याखालील फॉन्ट या बाबतीत सैल आहेत; मूळ परवान्याची प्रत जोडली आणि बदलांची नोंद ठेवली, तर स्वतः केलेल्या बदलांना वेगळ्या अटी लावता येतात.

संकेतस्थळासाठी दोन वाटा आहेत. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट मागवणारी ओळ पानात घालायची, किंवा फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची. परवान्याच्या दृष्टीने दोन्ही चालतात, तरी मी दुसरी वाट पसंत करतो. पहिल्या वाटेत वाचकाचा आयपी पत्ता गूगलपर्यंत जातो, आणि जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी एका संकेतस्थळाच्या चालकाला तक्रारदारास १०० युरो भरपाई देण्यास सांगितले होते. तो वाद खासगीपणाच्या कायद्याचा होता, फॉन्टच्या परवान्याचा नव्हता. पण स्वतःच्या सर्व्हरवर फाइल ठेवण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असल्यामुळे हा प्रश्न सुटणे सोपे जाते. फॉन्टची एक ठरावीक आवृत्ती कायम ठेवता येते, हा वरचा फायदा.

इथे एक खाचखळगा आहे आणि सेवेच्या पानांवर तो ठळकपणे कळत नाही. फाइल लहान व्हावी म्हणून नको असलेल्या लिप्यांची अक्षरे काढून टाकण्याची, म्हणजे सबसेट करण्याची, पद्धत आहे. देवनागरीचा फॉन्ट जोडाक्षरांमुळे वजनदार असतो, त्यामुळे हा मोह होतोच. ओएफएलच्या अर्थाने सबसेट करणे हा बदल आहे, आणि फॉन्टला राखीव नाव असेल तर सबसेट केलेली फाइल त्याच नावाने वाटता येत नाही; नुसती वॉफ या वेबसाठीच्या स्वरूपात दाबली, आत काही बदलले नाही, तर अडचण नाही. गूगलने नव्या फॉन्टच्या कर्त्यांना राखीव नाव न ठेवण्याचा आग्रह धरला आहे तो यामुळेच. जुन्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र परवान्याची ती पहिली ओळ वाचल्याशिवाय कात्री चालवू नये.

अ‍ॅप, गेम आणि ई-पुस्तक यांत फाइल उत्पादनाच्या पोटात जाते, त्यामुळे परवान्याचा मजकूरही आत असावा लागतो. अ‍ॅपमध्ये ‘परवाने’ किंवा ‘कायदेशीर माहिती’ असा एक पडदा ठेवून त्यात ओएफएलचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ घातली, की काम भागते. ई-पुस्तकात फॉन्ट स्वतंत्र फाइल म्हणून असेल, तर परवान्याची मजकूर-फाइलही त्याच संचात ठेवणे सुरक्षित. हे काम पाच मिनिटांचे असूनही सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, कारण ‘फुकट’ या शब्दाने सगळ्या अटी माफ झाल्या असे वाटते.

तुलनेसाठी अ‍ॅडोबी फॉन्ट्सचा विचार करता येईल. २००९ मध्ये टाइपकिट म्हणून सुरू झालेली ही सेवा २०११ मध्ये अ‍ॅडोबीकडे गेली आणि २०१८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. अक्षरांचा दर्जा आणि फाउंड्रींची विविधता या बाबतीत ती निश्चितच सरस आहे, आणि छपाई, बोधचिन्ह, व्हिडिओ यांसाठी व्यावसायिक वापराची परवानगी वर्गणीतच येते. पण ते भाड्याचे घर आहे. वर्गणी थांबली की फॉन्ट बंद होतात. आधी कर्व्ह केलेले बोधचिन्ह आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ तेवढी शाबूत राहते. वेबवर फॉन्ट अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवरूनच द्यावा लागतो, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, आणि अ‍ॅपमध्ये घालायचा असेल तर फाउंड्रीकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. मांडणीचे काम ज्यांचे रोजचे आहे आणि जे मुख्यतः छपाईसाठी काम करतात, त्यांना तरीही ती सेवा परवडते. अ‍ॅप बनवणाऱ्यांना गूगल फॉन्ट्स अधिक सोयीचे, याबद्दल मला शंका नाही.

उणिवांमध्ये पहिली ही, की प्रत्येक कुटुंबाच्या पानावर परवान्याचा खुलासा अगदी थोडक्यात उरकला आहे. छपाई किंवा डिजिटल, व्यावसायिक किंवा इतर, कोणत्याही कामात वापरा, असा दिलासा तिथे मिळतो. परवान्याची प्रत सोबत देण्याचे बंधन आणि राखीव नावाची भानगड समजण्यासाठी पूर्ण मजकुरातच शिरावे लागते. दुसरी उणीव हमीची. ओएफएलमध्ये फॉन्ट ‘आहे तसा’ दिलेला आहे. उद्या एखाद्या आकारावर तिसऱ्याच कुणी हक्क सांगितला, तर वापरणाऱ्याच्या पाठीशी कुणी उभे राहणार नाही. मोठ्या संस्थांचे विधी विभाग याच मुद्द्यावर अडतात, आणि काही विक्रेते मोठ्या करारांत अशी जबाबदारी घेतात ती याचसाठी. तिसरी गोष्ट सेवेच्या हातची नाही, पण सांगायला हवी: याच फॉन्टच्या प्रती इतर अनेक संकेतस्थळांवर, ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असलेल्या फॉन्टच्या गर्दीत, परवान्याच्या फाइलशिवाय पडलेल्या असतात. फॉन्ट घ्यायचा तो मूळ ठिकाणाहून, आणि ती झिप प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी जपून ठेवायची. काही कुटुंबांचा परवाना पुढच्या आवृत्तीत बदललेला आहे. ओपन सान्स पूर्वी अपाचीखाली होता, आता ओएफएलखाली आहे. आपल्या हातातली आवृत्ती कोणत्या अटींवर मिळाली, याचा पुरावा त्या झिपमध्येच असतो.

ग्राहकाकडे काम सोपवतानाही त्या झिपचा उपयोग होतो. विकत घेतलेला फॉन्ट डिझायनरच्या नावावर असेल तर ग्राहकाला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो, आणि अ‍ॅडोबीच्या बाबतीत ग्राहकाच्या संकेतस्थळासाठी ग्राहकाची स्वतःची वर्गणी लागते, हे बऱ्याच जणांना अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर कळते. गूगल फॉन्ट्सवरून घेतलेल्या कुटुंबाची झिप मांडणीच्या फायलींसोबत थेट ग्राहकाच्या हवाली करता येते, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी ओळ घालावी लागत नाही.