बारा व्होल्टच्या रकान्यातील आकडा: जुन्या संगणकाचे भाग बदलल्यानंतरचा अनुभव

आय५-४४६० प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड असलेले संगणक अजूनही अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत चालू आहेत, त्यामुळे त्यांची प्राथमिक माहिती इथे देत बसत नाही. माझ्या संगणकावर सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या काही अडत दुकानांचे हिशेब लिहिले जातात. त्यात मी आधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान भाग) बसवली, मग रॅम आणि सर्वांत शेवटी एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलला. तिन्ही भाग कित्येक महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की हा क्रम नेमका उलटा असायला हवा. दहा वर्षे जुन्या संगणकावर खर्च करायचाच असेल, तर पहिला खर्च एसएमपीएसवर करावा आणि तो घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट न पाहता लेबलावर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे.

एसएसडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिने अपेक्षेप्रमाणे काम केले. जुनी हार्ड डिस्क मोठी फाइल वाचताना बरी चालत असे, पण असंख्य लहान फाइली एकदम उघडायच्या झाल्या की गुडघे टेकत असे, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे काम नेमके त्याच प्रकारचे आहे. एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. एच८१ चिपसेट चार साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) देतो, पण त्यांतील दोनच सहा गिगाबिट वेगाचे असतात आणि उरलेले दोन तीन गिगाबिटचे. एसएसडी कोणत्या पोर्टला जोडली आहे हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण चुकीच्या पोर्टला जोडल्यास सलग वाचनाचा वेग जवळपास निम्मा होतो.

एसएसडी बसवल्यानंतर काही दिवसांतच खरा त्रास सुरू झाला. लाइट जाऊन घर इन्व्हर्टरवर गेले की संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्याच इन्व्हर्टरवरचे दिवे आणि पंखे मात्र सुरळीत चालू असत. ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत असे झाले की लिहिलेल्या नोंदी जात आणि कधी कधी टॅलीतला डेटा रीराइट, म्हणजे दुरुस्त, करून घ्यावा लागे. दुसऱ्याचे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती अस्वस्थ करते, हे त्या कामात असलेल्यांनाच कळेल.

ज्या दुकानात मी संगणक नेला, तिथल्या मुलाने मल्टिमीटर लावला, पिवळ्या तारेवर बारा व्होल्टच्या किंचित वर आकडा दाखवला आणि म्हणाला, "काका, एसएमपीएस एकदम ओके आहे. बोर्डच गेलाय याचा. आता ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." त्याने दाखवलेला आकडा खरा होता. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकाच्या नियमानुसार या तारेवर ११.४० ते १२.६० व्होल्टपर्यंतचा दाब चालतो. मात्र मल्टिमीटर सरासरी दाब दाखवतो. त्या दाबात किती थरथर आहे हे तो दाखवत नाही, आणि बाहेरचा पुरवठा क्षणभर तुटला तर एसएमपीएस किती वेळ तग धरतो हे तर मुळीच दाखवत नाही. मी हे त्याला सांगून पाहिले, पण दुसरा एसएमपीएस लावून पाहण्याची साधी चाचणीही दुकानाने केली नाही आणि तपासणीचे पैसे मात्र घेतले. याचा मला अजूनही राग आहे, कारण त्या चाचणीला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पुढे ती मी घरीच केली. भाच्याच्या संगणकातील एसएमपीएस माझ्या बोर्डाला जोडला, घराचा मेन स्विच बंद केला आणि संगणक चालूच राहिला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरातील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एसएमपीएसमध्ये शिरल्यावर एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साधारण ३२५ व्होल्टपर्यंत साठवला जातो आणि त्या साठ्यातून पुढचे सर्व दाब तयार होतात. बाहेरचा पुरवठा थांबल्यावर हा साठा पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद पुरावा अशी एटीएक्सच्या आराखड्यात अपेक्षा आहे. इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तो याच अवधीत बसावा लागतो. इन्व्हर्टरच्या यूपीएस मोडमध्ये हा बदल लवकर होतो आणि साध्या मोडमध्ये उशिरा, म्हणून मागच्या बाजूचे ते बटण आधी पाहून घ्यावे. माझे बटण यूपीएस मोडवरच होते. कमी पडत होता तो कपॅसिटर. त्यातील द्रव हळूहळू सुकतो आणि साठवण्याची क्षमता घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ढोबळ नियम आहे. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि कॅबिनेटच्या आतले तापमान त्याहूनही वर जाते, तेव्हा दहा उन्हाळे काढलेल्या कपॅसिटरकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. खात्री करण्यासाठी कोणीही एसएमपीएस उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही त्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार राहू शकतो.

आता लेबलाविषयी. जुन्या एसएमपीएसवर ठळकपणे ४५० वॅट छापले होते. बारा व्होल्टच्या रकान्यात मात्र १६ अँपिअर होते, म्हणजे बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. ४५० हा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांची कमाल क्षमता त्यात मिळवून फुगवलेला होता, आणि त्या सर्व क्षमता एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. आजचा संगणक आपली बहुतेक वीज बाराच्या तारेवरूनच घेतो. माझ्या प्रोसेसरचा टीडीपी (पूर्ण कामात तो साधारण किती उष्णता टाकतो तो आकडा) ८४ वॅट आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे १९२ वॅटसुद्धा कागदावर पुरेसे होते, हे मान्य केले पाहिजे. पण लेबलावर निम्म्याहून अधिक फुगवटा करणारा उत्पादक आत योग्य मापाचा कपॅसिटर घालेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. नव्या एसएमपीएसवरही ४५० वॅटच लिहिले आहे, पण बारा व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर आहेत, म्हणजे ४३२ वॅट. हा एकच गुणाकार दुकानातील काउंटरवर उभे राहून करता येतो आणि मी तो आता ओळखीच्या प्रत्येकाला करायला लावतो.

नव्यावर ८० प्लस ब्राँझचे चिन्ह आहे. मात्र २००४ पासून चालत आलेले हे प्रमाणपत्र केवळ कार्यक्षमता सांगते, म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते ते. पुरवठा तुटल्यावर तग धरण्याची हमी त्यात नसते. म्हणून चिन्ह, अँपिअर आणि वॉरंटीची वर्षे असे तिन्ही एकत्र पाहावे. संपूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचा वळवाचा पाऊस या एसएमपीएसने एकदाही संगणक बंद न पडू देता काढला. पंख्याचा आवाजही जुन्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती.

रॅमच्या बाबतीत माझे मत वापरानंतर बदलले. बोर्डाला दोनच खाचा आहेत आणि दोन्हींत सारख्या क्षमतेच्या पट्ट्या असाव्यात, असे मी पूर्वी आग्रहाने सांगत असे. जुन्या चार जीबीच्या शेजारी आठ जीबीची पट्टी तात्पुरती म्हणून लावली आणि ती तशीच राहिली, कारण इंटेलचा मेमरी कंट्रोलर चार अधिक चार जीबी जोडीने वापरतो आणि उरलेली चार एकेरी. हिशेब, ब्राउझर आणि एक्सेल यांना एवढे भरपूर होते. जोडीसाठी आणखी एक आठची पट्टी घेण्याचे पैसे मी वाचवले. डीडीआर३, म्हणजे या बोर्डाला लागणारी जुन्या पिढीची रॅम, घेताना एक खबरदारी मात्र घ्यावी: आठ जीबीच्या काही अतिस्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात आणि इंटेलच्या बोर्डावर संगणक सुरूच होत नाही. विक्रेत्याकडून चालवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे या बोर्डाचे दिवस मोजकेच आहेत याची मला जाणीव आहे. खर्चाचा क्रम ठरवताना म्हणूनच मी हा विचार महत्त्वाचा मानतो की कोणता भाग पुढच्या संगणकात नेता येईल. डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही, तिच्यावर घातलेला पैसा या बोर्डाबरोबरच संपतो. साटा एसएसडी नेता येते. चांगला एसएमपीएस तर नक्कीच नेता येतो, कारण चोवीस पिनांचा मुख्य जोड आणि प्रोसेसरचा चार अधिक चार पिनांचा जोड सर्वसाधारण नव्या बोर्डांवरही तोच आहे. ब्रँडेड कंपन्यांच्या काही तयार संगणकांत मात्र वेगळ्या पिनांचे जोड असतात, तिथे आधी पाहणी करावी.

हा बोर्ड थांबेल तेव्हा मी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढेच घेणार आहे. एसएमपीएसची वॉरंटी त्यानंतरही शिल्लक असेल, म्हणून त्याचा अनुक्रमांक मी बिलावर दुकानदाराच्या हाताने लिहून घेतला आहे आणि बिलाचा फोटो काढून ठेवला आहे, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते.