धर्मादाय कार्यालयातून संस्था नोंदवताना: सेवा कशी आहे आणि कुठे अडतं

वाचनालय, नाट्यमंडळ, गिर्यारोहकांचा गट किंवा गावातलं समाजकार्य, महाराष्ट्रात यांपैकी काहीही कायद्याच्या चौकटीत आणायचं असेल तर बहुतेक मंडळं धर्मादाय कार्यालयाची, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या हाताखालच्या नोंदणी कार्यालयाची, वाट धरतात. सेवा म्हणून विचाराल तर आमचं मत चांगलं आहे. सरकारी फी नगण्य, अर्ज ऑनलाइन भरता येतो, कायदा वाचून समजण्यासारखा आहे आणि नीट तयारी केली तर वकील न लावताही काम होतं. अडचण वेगळीच आहे. या सगळ्या कागदांत ज्याच्यावर संस्थेची पुढची वीस वर्षं उभी राहणार, ती नियमावली, सर्वांत कमी वेळ देऊन आणि बहुधा दुसऱ्या कुणाची उतरवून केली जाते.

आधी एक घोळ दूर करू. इमारतीची सोसायटी वेगळी. ती सहकार कायद्याखाली, सहकार खात्याकडे नोंदली जाते. इथे विषय आहे तो संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चा. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात मात्र तेवढ्यावर भागत नाही. संस्थेचा उद्देश धर्मादाय किंवा धार्मिक असेल तर तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते आणि स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आत तिथेही अर्ज करावा लागतो. म्हणून प्रमाणपत्रं दोन आणि क्रमांकही दोन: पहिला ‘महाराष्ट्र’ने सुरू होणारा, त्यात वर्ष आणि जिल्हा असतो, दुसरा, विश्वस्त नोंदणीचा, ‘एफ’ने सुरू होणारा, ज्याला सगळे पीटीआर (सार्वजनिक विश्वस्त नोंदवही) क्रमांक म्हणतात.

सल्लागाराकडे काम देताना पहिला प्रश्न हाच विचारा: सांगितलेल्या पैशांत एफ क्रमांक धरलाय का? पुष्कळ ‘पॅकेज’ पहिल्या प्रमाणपत्रापाशी थांबतात. मंडळ फोटो काढून मोकळं होतं आणि अनुदानाच्या किंवा देणगीच्या वेळी कळतं की काम अर्धंच झालंय. दुसरा प्रश्न: विश्वस्त नोंदणीच्या अर्जावर होणाऱ्या चौकशीच्या तारखेला कार्यालयात कोण हजर राहणार? तिसरा: नियमावली आमच्याशी बसून लिहिणार की तयार देणार? तिसऱ्याचं उत्तर ‘तयार’ असेल तर कमी पैशांत झालं तरी ते काम महागात पडतं.

नावापासून सुरुवात करा आणि तीन पर्याय हाताशी ठेवा. त्याच जिल्ह्यात सारखं किंवा फार जवळचं नाव असेल तर अर्ज तिथेच अडतो. ‘भारत’, ‘राष्ट्रीय’, ‘केंद्रीय’, ‘शासन’ असा सरकारी भास देणारे शब्द टाळा. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा १९५० चा कायदा आड येतो. ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ आणि ‘मानवाधिकार’ हे शब्दही नावात नकोत. २०१८ मध्ये धर्मादाय आयुक्तांनी परिपत्रक काढून जुन्या संस्थांनाही ते काढायला सांगितलं होतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. प्रमाणपत्र, पॅन आणि बँक खातं या तिन्हींत एका अक्षराचाही फरक पडला की खातं उघडताना कागद परत येतात.

मेमोरँडम, म्हणजे संस्थेचं स्थापनापत्र, छोटा कागद आहे: नाव, पत्ता, उद्देश, पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय आणि सह्या. त्यात काळजी घ्यायची ती उद्देशांची. पन्नास उद्देश उतरवण्यापेक्षा सहा-सात नेमके लिहावेत. गिर्यारोहण मंडळाने ‘सभासदांसाठी सहली काढणे’ एवढंच लिहिलं तर तो मित्रांचा क्लब ठरतो. विरंगुळ्याच्या सोयी धर्मादाय ठरतात त्या समाजहितासाठी आणि सर्वांसाठी असतील तेव्हाच. ‘तरुणांना सुरक्षित गिर्यारोहणाचं प्रशिक्षण देणे, अपघातात बचावकार्यास मदत करणे, गडांची स्वच्छता करणे’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ज्ञातिमंडळांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ एका जातीच्या किंवा धर्मसमाजाच्या फायद्यासाठी लिहिलेला उद्देश नोंदणीत चालून गेला तरी आयकराच्या सवलतीत अडथळा बनतो. शिष्यवृत्ती सर्व गरजूंना खुली ठेवलेली बरी.

बाकीची कागदपत्रं नेहमीचीच: सातही जणांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, पहिल्या सभेचं इतिवृत्त, संमतीपत्रं, पत्रव्यवहारासाठी एकाला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना हरकत पत्र व त्याच जागेचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. सर्वांत जास्त अडतं ते इथेच: वीजबिल आजोबांच्या नावावर आणि ना हरकत पत्र नातवाने दिलेलं. जागा ज्याच्या नावावर आहे त्याचीच सही हवी. विश्वस्त नोंदणीच्या अर्जात सुरुवातीची मालमत्ता दाखवावी लागते. छोट्या मंडळाने थोडी रोख रक्कम दाखवून कोषाध्यक्षाच्या ताब्यात ठेवली, तरी ती इतिवृत्तातल्या आकड्याशी जुळायला हवी.

ऑनलाइन अर्जाने एक मोठा फायदा झालाय: अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते घरबसल्या दिसतं. पण ऑनलाइन म्हणजे फेरी वाचली असं नाही. मूळ सह्यांचा संच जवळ ठेवावा लागतो. विश्वस्त नोंदणीच्या अर्जावर कायद्याप्रमाणे चौकशी होते, तिच्या तारखेला कुणीतरी जबाबदार माणूस लागतो. अर्ज फेटाळला तर साठ दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं. त्रुटीपत्र आलं तर घाबरू नका, पण त्याला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. तोंडी सांगून आलो, हे फाइलवर कुठेच दिसत नाही.

आता नियमावली. सभासद कोण होऊ शकतो, अर्ज कुणी मंजूर करायचा, वर्गणी किती आणि कधीपर्यंत, नाव कधी कमी होतं, हे स्पष्ट लिहा. कायदाच सांगतो की वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या सभासदाला मत नाही. पावतीपुस्तक आणि सभासद नोंदवही अद्ययावत नसली की निवडणुकीच्या दिवशी मतदार कोण, यावरच संस्था दुभंगते. धर्मादाय कार्यालयांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या कितीतरी वादांचं मूळ पैशात नाही, या नोंदवहीत असतं.

कार्यकारी मंडळाची संख्या विषम ठेवा. सात किंवा नऊ पुरेत. पंधरा जणांचं मंडळ कागदावर भारदस्त दिसतं, पण दर बैठकीला गणसंख्या (किमान आवश्यक हजेरी, म्हणजे कोरम) जमवताना सचिवाचा जीव जातो. मुदत तीन किंवा पाच वर्षं, आणि ती संपून निवडणूक झाली नाही तर काय, हेही लिहा. ‘नवीन मंडळ येईपर्यंत जुनं मंडळ फक्त दैनंदिन कामकाज पाहील आणि इतक्या दिवसांत निवडणूक घेईल’ हे एक वाक्य नसल्याने पुष्कळ संस्था अधांतरी लटकतात. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस, कार्यकारिणीची सात दिवस ठेवली तर पेलतं. गणसंख्या एक तृतीयांश, आणि तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी गणसंख्येविना, अशी तरतूद घाला. जुन्या नमुन्यांत नोटीस ‘रजिस्टर पोस्टाने’ पाठवावी असं असतं. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा ‘हातपोच सही घेऊन, स्पीड पोस्टाने किंवा नोंदवलेल्या ईमेलवर’ असं लिहा.

उद्देश पुढे बदलू, असं म्हणून सोडू नका. त्यासाठी दहा दिवस आधी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला पोचवून विशेष सभा, तीत तीन पंचमांश बहुमत, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढंच बहुमत लागतं. विसर्जनाचं कलमही पहिल्याच दिवशी घाला: देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांत न वाटता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल. आयकराच्या नोंदणीत हे वाक्य शोधलं जातं.

नोंदणीनंतर खरी परीक्षा घेतो तो बदल अर्ज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला चेंज रिपोर्ट. विश्वस्त (म्हणजे कार्यकारी मंडळातला सदस्य) बदलला, वारला, पत्ता बदलला, मालमत्ता घेतली, नवी कार्यकारिणी निवडून आली, की नव्वद दिवसांत तो दाखल करायचा. तीच माणसं पुन्हा निवडून आली तरी करायचा. सोबत नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि नव्यांची संमतीपत्रं लागतात. वाद नसलेले अर्ज लवकर निघावेत म्हणून २०१७ च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मंजुरीची सोय केली. जाहीर नोटिशीनंतर तीस दिवसांत हरकत आली नाही तर ती मंजुरी कायम होते. ही सुधारणा मनापासून दाद देण्याजोगी आहे. पण एक निवडणूक राहून गेली की पुढचा अर्ज मागच्यावर अडतो आणि साखळी तयार होते. बँक आणि देणगीदार शेड्यूल एकचा, म्हणजे विश्वस्त नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागतात. त्यात वारलेल्या विश्वस्तांची नावं दिसली की प्रकल्प तिथेच थांबतो. वार्षिक हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण पूर्ण करायचं असतं. जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार सहसा टिकत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी ही दुहेरी पद्धत जशीच्या तशी गृहीत धरू नये. इंदूरच्या मंडळाला मध्य प्रदेशाचा १९७३ चा कायदा लागतो, बेळगावच्या मंडळाला कर्नाटकाचा १९६० चा. तिथली नियमावली त्या कायद्याप्रमाणे लिहायला हवी.

आणि फक्त दहा दिवसांचा गणेशोत्सव करणाऱ्या, बाकी वर्षभर काहीही न करणाऱ्या मंडळाने एवढा व्याप मांडायची गरज नाही. वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सीखाली तात्पुरती परवानगी मिळते. ती घ्यावी, पावत्या जपाव्यात आणि उत्सव संपल्यावर हिशेब वेळेत सादर करावा.