गिअर झटक्याने पडतोय: पॅन उघडून ऑइल बदलावं की मशीनने फ्लश करावं?

पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उशिरा किंवा झटका देऊन गिअर बदलत असेल, तर आधी स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचा आणि ऑइलची पातळी बघा. पातळी कमी असली तरी हीच लक्षणं दिसतात.

फ्लशने, म्हणजे मशीनने नवं ऑइल ढकलून जुनं बाहेर काढल्याने, जवळपास सगळं ऑइल बदलतं. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा ट्रे, काढून बदललं, तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोहोचवणाऱ्या भागातलं) जुनं ऑइल आतच राहतं. तरीही मी पॅनच उघडेन. बहुतेक गाड्यांत त्याच वेळी फिल्टर बदलता येतो, शिवाय तळाचं चुंबक हाती येतं. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे लागले, तर ऑइल बदलून भागणार नाही, गिअरबॉक्सच खोलावा लागेल. नुसत्या फ्लशमध्ये हे कळतच नाही. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला.