माडावर चढायचं चेंबेरी यंत्र: घ्यावं का?

घ्यावं. मात्र त्याच दिवशी कमरेचा सुरक्षा पट्टाही घ्यावा.

वेंगुर्ल्याजवळ आमची वाडी आहे. माड बहुतेक जुने, बाणवली जातीचे, म्हणजे घराच्या कौलांच्या कितीतरी वर गेलेले. दीड-दोन महिन्यांनी नारळ पाडायचे तर पाडेली हवा, आणि तोच मिळत नाही. आमचे माड वर्षानुवर्षं चढणारे काका आता थकले, त्यांचे मुलगे गोव्यात कंपनीत आहेत. पिकलेला नारळ कुणासाठी थांबत नाही. अंगणात पोरं खेळत असली की माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणून हे यंत्र आणलं, आणि आता मी स्वतः चढते.

हे यंत्र केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने बनवलं. लोक त्यांना अप्पच्चन म्हणतात. गावोगावच्या शोधांना मदत करणाऱ्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचं काम उचलून धरलं आणि त्याला पेटंटही मिळालं. ज्याला रोज माडाखाली उभं राहून वर बघावं लागतं, त्याच्याच डोक्यातून ही गोष्ट निघाली, हे वापरताना जागोजागी कळतं. यात मोटर, बॅटरी, पेट्रोल काही नाही.

लोखंडी नळ्यांच्या दोन चौकटी असतात, एक डाव्या पायाला, एक उजव्या. प्रत्येकीला तारेच्या दोराचा फास असतो. तो खोडाभोवती फिरवून अडकवायचा. पायरीवर भार दिला की चौकट कलते, पुढचा रबर खोडावर दाबला जातो आणि मागून तार आवळते. जितका भार जास्त तितकी पकड घट्ट. पाय हलका केला की पकड सुटते, मग हातानं मूठ धरून ती चौकट वर सरकवायची. एकीवर उभं राहायचं, दुसरी उचलायची. जिना चढता येतो त्याला हे जमतं. साडीत मात्र जमत नाही, सलवार किंवा पँट हवी. सुरुवातीला मांड्या आणि खांदे चांगलेच भरून येतात.

मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. चढायला सोपं पडावं म्हणून आपल्याकडे खोडाला खाचा पाडतात. त्या जखमांत पाणी मुरतं, सोंड्या भुंगा तिथे अंडी घालतो आणि आतून पोखरलेला माड एके दिवशी जातो. या यंत्राला खाच लागतच नाही. नवीन माडांना मी कोयत्याचा एक घावही लागू दिलेला नाही.

आता उणं काय ते. फार वाकड्या माडावर मी हे लावत नाही. पावसात शेवाळलेल्या ओल्या खोडावर तर अजिबात नाही. प्रत्येक माडाला यंत्र सोडून पुन्हा बांधायचं, बुंध्याच्या जाडीप्रमाणे फास जुळवायचा, यात वेळ जातो. कसलेला पाडेली तेवढ्यात दुसऱ्या माडाच्या शेंड्यावर असतो. आणि खरं काम शेंड्यालाच सुरू होतं. यंत्र झावळांच्या खाली थांबतं. तिथून पिकलेली पेंड, म्हणजे नारळांचा घड, ओळखणं, सुकलेली झावळ आणि पोय (फुलोऱ्याचं वेष्टण) काढणं, गेंडा भुंग्याचं भोक दिसलं तर आकडीनं तो ओढून काढणं, हे सगळं एका हातानं आणि शांत डोक्यानं करायचं असतं. ते मी काकांकडूनच शिकले. ते खाली खुर्चीत बसून सांगायचे, मी वर ऐकायचे. ज्यांच्याकडे असा जाणता माणूस अजून आहे त्यांनी त्याच्याकडून शिकून घ्यावंच, मग यंत्र असो वा नसो.

नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ या नावाने माड चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात अशीच यंत्रं वापरतात आणि केरळात कितीतरी बायका त्यातून तयार झाल्या. चढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा विमा योजनाही आहे. आपल्याकडे रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा. नुसता मोबाईलवर व्हिडिओ बघून चढू नका.

घेताना दुकानदाराची घाई मानू नका. या धर्तीची यंत्रं आता अनेकजण बनवतात, सगळ्यांचं काम सारखं नसतं. वेल्डिंगचे सांधे बोटानं चाचपून बघा, तारेचा एकही पदर तुटलेला नको, रबर नीट घट्ट बसलेला हवा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं लोखंड लवकर गंजतं, म्हणून काम झालं की पुसून पडवीत टांगायचं. तारेला किंवा रबराला तेल लावायचं नाही, पकड जाते. तारेचा पदर उसवलेला दिसला की त्याच दिवशी तार बदलायची, नारळ कितीही पिकलेले असोत.