इक्विलॅब: स्वस्त टूर्नामेंटच्या पहिल्या तासासाठी

भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली, त्यामुळे हा आढावा जिथे पोकर कायदेशीर आहे तिथल्या मराठी खेळाडूंसाठी. इक्विलॅब हा विंडोजवरचा मोफत प्रोग्राम. हात (आपली दोन पानं), समोरच्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात) आणि टेबलावरची पानं भरायची, की जिंकण्याची टक्केवारी समोर येते.

सुरुवातीला प्रत्येकाकडे शंभरेक बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी लावायची मोठी सक्तीची रक्कम) असतात आणि स्वस्त टेबलावर लिंप करणारे, म्हणजे न वाढवता फक्त तेवढीच रक्कम भरून खेळात येणारे, भरपूर. दोन एक्के एका रँडम हाताविरुद्ध टाकून बघा: 85 टक्के. रँडम हात चार केले की थेट 56! म्हणून एक्के लपवून लिंप करू नका. 3 बिग ब्लाइंड आणि प्रत्येक लिंपरमागे आणखी 1, एवढा रेज (रक्कम वाढवणं) हवाच. एक्का-राणीने सगळ्या चिप्स ढकलण्याआधी समोर एक्का-राजा ठेवून पाहा. जिंकण्याची टक्केवारी साधारण पंचविसावर येते.

मर्यादा मात्र मोठी आहे: पुढच्या फेऱ्यांत मिळणाऱ्या चिप्स हा प्रोग्राम मोजत नाही. दुऱ्यांची जोडी इथे कमकुवत दिसते, पण फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) साडेआठात एकदा सेट, म्हणजे तिसरा दुऱ्या, लागतो. 3 बिग ब्लाइंडचा कॉल (समोरच्याएवढी रक्कम भरणं) असेल तर दोघांकडेही त्यानंतर निदान 45 बिग ब्लाइंड शिल्लक असावेत. समोरचा जोडी सोडतच नसेल तर हा कॉल फारच छान.

बक्षिसाच्या रकमेचं गणितही यात नाही, पण पहिल्या तासात त्याने फारसं अडत नाही. शेवटच्या टेबलासाठी वेगळं साधन घ्या.