हेस्कॉमची नवी घरगुती जोडणी : मीटर येतं लवकर, अडतात ते कागद

बेळगावात जुने लोक अजून ‘केईबी’च (जुनं कर्नाटक वीज मंडळ) म्हणतात, पण घराला करंट देण्याचं काम आता हेस्कॉमचं, म्हणजे हुबळीच्या वीज पुरवठा कंपनीचं. हुक्केरी तालुका वेगळा. तिथलं वितरण ग्रामीण विद्युत सहकारी संघाकडे आहे, त्यामुळे अर्ज संघाकडेच द्यायचा.

सेवेबद्दल आमचं मत बऱ्यापैकी चांगलं आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो, पैसेही ऑनलाइन भरता येतात आणि कागद पूर्ण असले की पुढचं काम सरळ आहे. केंद्राच्या २०२४ मध्ये सुधारलेल्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे परिपूर्ण अर्जानंतर नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. यातला ‘परिपूर्ण’ हा शब्द लक्षात ठेवा. एक कागद कमी असला तरी दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

सर्वांत जास्त खोळंबा जागेच्या उताऱ्यावर होतो. खेड्यात ई-स्वत्तूवरचा (ग्रामपंचायतीच्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११ लागतो, शहरात ई-खाता, म्हणजे तिथल्या मालमत्तेचा ऑनलाइन उतारा. आपल्याकडे उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजी-कन्नडमध्ये आणि जुनं खरेदीपत्र कधी मराठीत असतं. त्यामुळे एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी दिसतो: कुठे जोतिबा, कुठे ज्योतिबा, कुठे वडिलांचं नावच गाळलेलं. अर्ज भरण्याआधी आधार आणि उतारा शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. घर वडिलोपार्जित आणि उताऱ्यावर अजून आजोबाच असतील, तर आधी वारसा नोंदवा. मीटर आल्यावर नाव बदलून घेणं जास्त त्रासाचं आहे. अर्ज, मंजुरी आणि बिल या साऱ्यांची भाषा कन्नड-इंग्रजी आहे. इतका मोठा मराठी ग्राहकवर्ग असताना निदान कागदांची यादी मराठीत द्यायला हवी, ही या सेवेतली उणीव आम्हाला खटकते.

शहरात आणखी एक अट आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय नव्या जोडण्या देणं थांबलं आणि २०२५ मध्ये राज्यभर घरं अडकून पडली. नंतर १२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरच्या लहान घरांना सरकारने सूट दिली. तुमची जागा त्याहून मोठी असेल, तर बांधकाम परवान्याच्या नकाशाबाहेर एक खोलीही वाढवू नका.

वायरिंगचा चाचणी अहवाल कर्नाटकाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराच्या सहीचा लागतो. निपाणीकडचे लोक कागलचा किंवा कोल्हापूरचा ओळखीचा वायरमन आणतात. काम उत्तम होतं, पण महाराष्ट्राच्या परवान्यावरची सही इथे चालत नाही. कंत्राटदार आधी ठरवा, भिंती मागाहून फोडा.

लोड सांगताना हिशेब करा. गीझर २ किलोवॅट, एक एचपीची मोटर पाऊण, इस्त्री १. हे सगळं एका वेळी क्वचितच चालतं, म्हणून साध्या कुटुंबाला ३ किलोवॅट पुरतात. ‘असू दे जास्त’ म्हणून ५ लिहिलं, तर स्थिर आकार वाढतो. २०२५-२६ च्या दराने तो किलोवॅटला महिन्याला १४५ रुपये होता, म्हणजे दोन किलोवॅटचे २९० रुपये उगाच. गृहज्योतीचं, म्हणजे राज्याच्या मोफत विजेच्या योजनेचं, शून्य बिल येतं तोवर हे कळत नाही, वापर हद्दीबाहेर गेला की कळतं. सुरक्षा ठेव मात्र तुमचीच राहते आणि तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं.

आता अर्थिंग. लोक नेमकं इथेच पैसे वाचवतात आणि आम्ही इथेच हट्ट धरू. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला झाकणाची कुंडी, असं नेहमीचं काम असतं. खानापूरच्या जांभ्यात खड्डा तीन-चार फुटांवरच दगडाला लागतो, मग पाइप कापून बसवला जातो. कापू नका, जागा बदला किंवा दोन पाइप अंतरावर घालून जोडा. निपाणी, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत ओल असेपर्यंत अर्थिंग छान मिळतं, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळून पाइपापासून सुटते. एप्रिल-मेमध्ये कुंडीत पाणी घालत राहा. अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) हवाच. तपासणीआधी कंत्राटदाराला ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. रीडिंग १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर बहुतेक वेळा ओला गिलावा किंवा स्विचबोर्डातली दबलेली वायर कारण असते.

डांबावरून येणारी सर्व्हिस वायर रस्ता ओलांडत असेल तर सर्वांत खालचा झोळसुद्धा ५.८ मीटर उंच हवा. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या याच वायरी ओढून नेतात. वायरला जीआय तारेचा आधार हवा आणि वायर घरात नेणाऱ्या पाइपाचं तोंड खाली वळलेलं हवं, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून थेट मीटरमध्ये उतरतं. अॅल्युमिनियमची तार टर्मिनलमध्ये सैल राहिली की तापते आणि काळी पडते. त्यामुळे मीटर बसवताना स्क्रू घट्ट झाले का हे पॉवरमनसमोरच (हेस्कॉमचा लाइनमन) बघा, कारण सील लागल्यावर तुम्हाला हात लावता येत नाही.

खाली-वर दोन मीटर असतील तर दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवा. कुठेही एकत्र आले, बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या जोडणीत, की मीटरवरचा अर्थ-लीकेजचा दिवा लागतो. फेज आणि न्यूट्रलपैकी ज्यातून जास्त करंट जातो तोच मीटर मोजतं, म्हणून दुसऱ्या मजल्याचं बिलही अंगावर येतं. मीटर जोरात पळतं अशी तक्रार करण्याआधी एवढं तपासा.

२०२५ पासून नव्या जोडणीला स्मार्ट मीटर बसतं आणि त्याचा खर्च ग्राहकाचा असतो. आरआर नंबर (तुमच्या जोडणीचा क्रमांक) मिळाला की सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर गृहज्योतीची नोंदणी करा, ती आपोआप होत नाही. नव्या घराला मागचा वापर नसतो, म्हणून राज्याची सरासरी ५३ युनिट धरून त्यावर १० टक्के वाढ देतात. त्यापुढच्या युनिटचे पैसे पडतात आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल. पहिल्या बिलावर नाव, लोड आणि घरगुती वर्ग तपासा. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीचा चढा दर त्यावर राहिला असेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्या आणि हेस्कॉमच्या सबडिव्हिजन कार्यालयाला लेखी अर्ज द्या.