नऊ महिने वापरलेला चेक व्हॉल्व्ह: शेवटी पाणी अडवलं नळीच्या तोंडानं

तीन महिन्यांपूर्वी रात्रीतून लाइट गेली आणि सकाळी उठून पाय टाकला तो थेट पाण्यात. माझ्या माशांच्या टाकीखाली कॅबिनेटमध्ये सम्प आहे, म्हणजे फिल्टरची खालची टाकी; तिच्या कडेवरून सुमारे १४ लिटर पाणी खाली आलं होतं, कॅबिनेटची तळफळी फुगली होती. मासे सुखरूप होते. सम्पमधलं पाणी पंपानं वर टाकीत नेणाऱ्या रिटर्न लाइनवर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, असताना हे झालं, म्हणून हा अनुभव.

व्हॉल्व्ह झडपेचा, पारदर्शक, दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड) असलेला. पहिले सहा महिने मी त्याची सगळ्यांकडे तारीफच करत होतो. पंप बंद केला की झडप टक्कन बसायची, ओव्हरफ्लोतून (वरच्या टाकीतलं पाणी कडेवरून सम्पमध्ये सोडणारी वाट) उतरेल तेवढंच पाणी सम्पमध्ये यायचं. त्या भरवशावर मी मोठा सम्प घ्यायचं टाळलं, पैसे वाचले म्हणून खूश होतो.

पाणी सांडल्यावर विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, 'आत कचरा अडकला असेल तर वॉरंटी लागू नाही.' खूप संताप आला. ॲक्वेरियमसाठी म्हणून विकलेल्या वस्तूत ॲक्वेरियमचा कचरा जाणार नाही तर काय जाणार? व्हॉल्व्ह उघडला, तर झडपेच्या कडेला मोहरीएवढी गोगलगाय आणि थोडं शेवाळ. झडप जवळजवळ बसली होती. म्हणजे पाणी धो धो आलं नाही, रात्रभर थेंबाथेंबानं उतरत राहिलं. दहा मिनिटं पंप बंद ठेवून मी जी तपासणी करायचो, तिच्यात हे कधीच दिसलं नसतं. आता तासभर बंद ठेवून बघतो.

मग टेप घेऊन बसलो. टाकी १२० बाय ४५ सेंमी, म्हणजे पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर ५.४ लिटरचा. ओव्हरफ्लोच्या कडेवर पाणी २ सेंमी चढून वाहतं, ते जवळपास ११ लिटर. पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं ३ लिटर. हे १४ लिटर लाइट गेली की येणारच, व्हॉल्व्ह असो वा नसो. पण रिटर्नच्या नळीचं तोंड मी कडेच्याही ५ सेंमी खाली ठेवलं होतं, पाण्याचा आवाज नको म्हणून. झडप गळली की तिथून उलटा सायफन लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळीतून आपोआप खाली ओढलं जातं, आणि आणखी २७ लिटर उतरतात. एकूण ४१. माझ्या सम्पमध्ये मोकळी जागा होती ३० लिटरची.

इथे हिशेब अडला. ४१ मधून ३० गेले की ११ उरतात, जमिनीवर मात्र १४ होते. वरचे तीन कुठून आले हे शोधताना माझं व्हॉल्व्हवरचं खापर निम्मं उतरलं. ऑटो टॉप-ऑफच्या (बाष्पीभवनानं घटलेलं पाणी सेन्सर बघून आपोआप भरणारी सोय) डब्यात रोज एक लिटर कमी होतं, त्या दिवशी चार लिटर कमी झालं होतं. दिवसभरात पाच वेळा लाइट गेली-आली होती. पंप सुरू झाला की ओव्हरफ्लोच्या पाइपमधली हवा निघून सायफन पुन्हा पकडेपर्यंत रिटर्नच्या कप्प्यातलं, म्हणजे सम्पमध्ये पंप असतो त्या कप्प्यातलं, पाणी नेहमीपेक्षा खाली जातं. सेन्सरला वाटतं, बाष्पीभवन झालं. तो पाणी सोडतो. हे जास्तीचं पाणी परत कुठे जात नाही, पुढच्या वेळी सम्पमधली तेवढी जागा खातं. आता टॉप-ऑफच्या प्लगला टायमर आहे, लाइट आल्यावर दहा मिनिटांनी तो चालू होतो. डबाही लहान केला, अख्खा रिकामा झाला तरी सम्प भरून वाहणार नाही एवढा.

सायफन तोडायला नळीला पाण्याच्या पातळीखाली लगेच ३ मिमीचं भोक पाडलं. तीन आठवड्यांत शेवाळानं बुजलं, कारण ते नेमकं दिव्याखाली येतं. ६ मिमीचं केलं, दर रविवारी काडीनं साफ करू लागलो. महिनाभर छान चाललं आणि एका तपासणीत तिथेही गोगलगाय सापडली. म्हणजे झडपेचा जो त्रास, तोच भोकाचा.

त्यानंतर जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नळीचं तोंडच वर घेतलं. आता त्याची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाखाली फक्त १ सेंमी आहे. पाणी तेवढं उतरलं की तोंडातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. एवढं मोठं तोंड बुजणार कशानं? आधी शंका होती की बाष्पीभवनानं पातळी उतरली तर तोंड उघडं पडेल. पण सम्प असलेल्या टाकीत वरची पातळी ओव्हरफ्लोची कड ठरवते, घट दिसते ती रिटर्नच्या कप्प्यात. पृष्ठभाग हलत राहतो, ऑक्सिजनलाही बरं. आवाज थोडा वाढला. चालेल.

व्हॉल्व्हची झडप मी काढून टाकली. पंपाचा प्रवाह लगेच वाढलेला जाणवला; ती एवढा अडथळा करत होती हे इतके महिने लक्षातच आलं नव्हतं. बॉडी मात्र ठेवली आहे, कारण युनियनमुळे पंप सोडवून धुणं दोन मिनिटांचं काम होतं. तेवढ्यासाठी वस्तू चांगली आहे. झडप ठेवायचीच असेल तर महिन्यातून एकदा खोलून धुवा, क्षार बसले असतील तर व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, आणि ती नाहीच असं धरून सम्पमधली जागा मोजा.

सम्पच्या काचेवर एक रेघही मारली आहे. पंप बंद केला, वरचं पाणी पूर्ण उतरू दिलं, मग सम्प काठापासून ३ सेंमी खालपर्यंत भरला आणि पंप सुरू केला. पातळी स्थिरावल्यावर रिटर्नच्या कप्प्यात पाणी जिथे थांबलं तिथे मार्कर. पाणी बदलताना घरातलं कोणीही असो, या रेघेच्या वर भरायचं नाही, आणि पंप बंद असताना तर भरायचंच नाही. गेल्या आठवड्यात लाइट सहा तास गेली होती. सम्पचं पाणी काठाखाली ६ सेंमीवर येऊन थांबलं आणि सकाळपर्यंत तिथेच होतं.